गणिताच्या प्राध्यापकाचा आरोग्याचा तास

मैत्रिणींनो, महर्षी धोंडो केशव कर्वे हे नाव आपल्याला नवीन नाही. विधवांना आसरा देणारे, बायकांसाठी विद्यापीठ काढणारे अण्णासाहेब शाळेच्या पुस्तकापासून आपल्या ओळखीचे आहेत. पण त्यांचा थोरला मुलगा रघुनाथ याचं नाव काढलं की अजूनही चारचौघीत आवाज जरा खाली येतो. ‘ते संततिनियमनवाले ना?’ असं कुणीतरी हळूच विचारतं आणि विषय बदलतो. आज मला याच रघुनाथरावांबद्दल, म्हणजे र. धों. कर्वे यांच्याबद्दल लिहायचं आहे. त्यांनी आयुष्यभर आरोग्याचं शिक्षण दिलं, आणि ते डॉक्टर नव्हते. गणिताचे प्राध्यापक होते.

त्यांची आठवण मला होण्याचं कारण आमच्या गावातलंच आहे. मी अवसरी बुद्रुकला राहते. घरचं सगळं आवरून दुपारी बचत गटाच्या बायकांत बसते, आरोग्याच्या चार गोष्टी सांगते. आमच्याकडच्या पोरी आता खूप शिकतात. कुणी मंचरला बी.ए., बी.कॉम. करते, कुणी शेजारच्या अवसरी खुर्दच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात जाते. कांदा-बटाट्याच्या शेतात राबणाऱ्या आईची पोरगी कॉम्प्युटरवर बोटं चालवते, तेव्हा ऊर भरून येतो. पण हीच पोरगी सणावाराला पाळी पुढे ढकलायची गोळी दुकानातून कुणाला न विचारता आणते. पायऱ्या चढताना धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते, तरी रक्त तपासत नाही. मी बोलायला लागले की एखादी आई हमखास विचारते, तुम्ही डॉक्टर आहात का? हा प्रश्न कर्व्यांना तर आयुष्यभर विचारला गेला असेल. म्हणून त्यांची गोष्ट आपल्या कामाची.

रघुनाथचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. घर कोकणातल्या मुरूडचं. तो नऊ वर्षांचा असताना, १८९१ मध्ये, त्याची आई राधाबाई बाळंतपणात गेली. त्या काळी ही काही नवलाची गोष्ट नव्हती. घरटी एखादी तरी बाई अशी गेलेली असायची. लोक हळहळायचे, नशीब म्हणायचे आणि पुढच्या कामाला लागायचे. आईच्या जाण्याने त्या मुलाच्या मनात काय झालं, ते मी सांगू शकत नाही. एवढं मात्र दिसतं की पुढे याच मुलाने, बाईचं बाळंतपण तिच्या मर्जीने आणि तिच्या ताकदीप्रमाणे व्हावं, यासाठी जन्म वेचला.

आई गेली त्याच वर्षी अण्णासाहेब पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला लागले. दोन वर्षांनी, १८९३ मध्ये, त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. मुरूडच्या लोकांनी या लग्नावरून कुटुंबाला वाळीत टाकलं. खरं बोलण्याची आणि खरं वागण्याची किंमत मोजावी लागते, हा धडा रघुनाथला असा घरातच मिळाला.

मुलगा हुशार निघाला. १८९९ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत पहिला आला. फर्ग्युसनमधून १९०४ साली पदवी घेतली आणि वडिलांसारखाच गणिताचा प्राध्यापक झाला. धाकट्या सावत्र भावांपैकी शंकर डॉक्टर होऊन आफ्रिकेत गेला. म्हणजे घरात डॉक्टर होता, पण तो रघुनाथ नव्हे. १९१९ मध्ये रघुनाथराव उच्च गणित शिकायला पॅरिसला गेले. युरोपात तेव्हा संततिनियमनाची, गुप्तरोगांची चर्चा उघडपणे सुरू झाली होती. माणसं त्यावर पुस्तकं लिहीत होती, भांडत होती, तुरुंगातही जात होती. अमेरिकेत मार्गारेट सँगर बाईंनी १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात असं केंद्र काढलं, तेव्हा पोलिसांनी ते दहाच दिवसांत बंद पाडलं होतं.

लंडनमध्ये मेरी स्टोप्स बाईंचं केंद्र १९२१ मध्ये उघडलं. आणि त्याच वर्षी आपल्या मुंबईत रघुनाथरावांनी स्वतःचं संततिनियमन केंद्र सुरू केलं. असं काम देशात तोवर कुणी केलं नव्हतं. विलायतेच्या बरोबरीने मुंबईच्या मराठी घरात हे सुरू झालं, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा. वाटला मात्र नाही. लोकांनी नाकं मुरडली.

इथे त्यांच्या पत्नी मालतीबाईंचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दोघांनी मिळून ठरवलं की आपल्याला मूल नको, आपला वेळ या कामाला द्यायचा. रघुनाथरावांनी स्वतःवर शस्त्रक्रिया करून घेतली. आज २१ व्या शतकातही आपल्याकडे ऑपरेशन म्हटलं की बाईनेच करायचं असा रिवाज आहे. पुरुषाची शस्त्रक्रिया बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा लहान आणि सोपी असते हे डॉक्टर सांगून थकले, तरी घरातला पुरुष उठत नाही. त्या काळात एका प्राध्यापकाने ते केलं. आणि त्या काळात मूल नसलेल्या बाईला काय ऐकून घ्यावं लागलं असेल, ते मी वेगळं सांगायला नको. हळदीकुंकवाला, बारशाला, डोहाळजेवणाला तिच्याकडे बघायची नजर आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. मालतीबाईंनी ते सोसलं आणि कामात नवऱ्याच्या बरोबरीने उभ्या राहिल्या.

१९२३ मध्ये रघुनाथरावांनी संततिनियमनावर आणि गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावर मराठीत पुस्तकं लिहिली. मराठीत, हे महत्त्वाचं. इंग्रजी येणाऱ्या साहेबी लोकांना परदेशी पुस्तकं मिळत होतीच. साध्या कारकुनाला, मास्तरला, त्यांच्या बायकांना काहीच मिळत नव्हतं. कर्व्यांचं सगळं लिहिणं या लोकांसाठी होतं.

तेव्हा ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवत होते. मिशनरी लोकांचं कॉलेज. आपला गणिताचा प्राध्यापक असल्या विषयावर उघड बोलतो हे तिथल्या चालकांना रुचलं नाही. हे काम सोडा नाहीतर नोकरी सोडा, अशी वेळ आली. १९२५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. मैत्रिणींनो, महिन्याचा पगार बंद होणं म्हणजे काय, हे घर चालवणाऱ्या बाईला विचारावं. वाण्याची उधारी, घरभाडं, दूधवाला, सगळं समोर उभं राहतं. प्रपंचाचा भार मालतीबाईंनीही उचलला, म्हणून ते पुढचं काम करू शकले.

आणि ते काम म्हणजे ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक. जुलै १९२७ मध्ये पहिला अंक निघाला. लिहायचं, तपासायचं, छापून घ्यायचं, लोकांपर्यंत पोचवायचं, बहुतेक सगळं एकट्याच्या अंगावर. नाव बघा किती साधं. समाजाचं स्वास्थ्य. कामजीवन, संततिनियमन, गुप्तरोग, आहार, स्त्री-पुरुष समानता, अंधश्रद्धा, असे विषय त्यात असायचे. ‘शारदेची पत्रे’ या नावाने त्यांनी बाईच्या तोंडून बायकांचे प्रश्न मांडले. आहारावरही त्यांनी पुढे वेगळं पुस्तक लिहिलं. शरीराविषयीचं ज्ञान तुकड्यातुकड्यांनी नसतं. पोटात काय जातं, घरात वागणूक कशी मिळते आणि बाळंतपण कसं होतं, हे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं, हे त्यांना कळलं होतं.

मासिकातला सगळ्यात मोलाचा भाग मला वाचकांच्या प्रश्नोत्तरांचा वाटतो. कुणालाही पत्र पाठवून मनातली शंका विचारता यायची. जे आईला विचारता येत नाही, बापापुढे बोलता येत नाही, डॉक्टरपुढे जीभ रेटत नाही, ते कागदावर लिहायचं. कर्वे सरळ उत्तर द्यायचे. धमकावणं नाही, पापपुण्याचं प्रवचन नाही. जी गोष्ट शास्त्राने सिद्ध झाली असेल ती सांगायची आणि नुसता समज असेल तर तोही सांगायचा. मला वाटतं इथे त्यांचं गणित उपयोगी पडलं असावं. गणितात मोठ्या माणसाने सांगितलं म्हणून उत्तर बरोबर ठरत नाही. पायरी पायरीने दाखवावं लागतं. शरीराच्या बाबतीतही त्यांनी हाच नियम लावला.

याच प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर खटला झाला. त्याआधी १९३१ मध्ये एका लेखावरून अश्लीलतेचा खटला होऊन १०० रुपये दंड झाला होता. १९३४ मध्ये वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरं अश्लील आहेत असा आरोप ठेवून पुन्हा कोर्टात उभं केलं. या वेळी त्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. लैंगिक विषयावर लिहिलं की ते अश्लीलच, असं धरता येणार नाही. लोक विचारतात तर ज्याला ठाऊक आहे त्याने उत्तर द्यायलाच हवं, असं बाबासाहेबांचं म्हणणं होतं. खटला हरले. २०० रुपये दंड झाला. त्या काळचे २०० रुपये, आणि तेही नोकरी नसलेल्या माणसाला. पण बाबासाहेबांनी हा विषय तिथेच सोडला नाही. १९३८ मध्ये त्यांच्या पक्षातर्फे मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला गेला. तोही नामंजूर झाला.

हे सगळं किती अवघड होतं हे कळायला अजून एक गोष्ट सांगते. त्याच मार्गारेट सँगर बाई १९३५ च्या अखेरीस हिंदुस्थानात आल्या आणि वर्ध्याला गांधीजींना भेटल्या. गांधीजींना कुटुंब लहान असावं हे मान्य होतं, पण त्यासाठी साधनं वापरणं त्यांना मान्य नव्हतं. संयम हाच उपाय असं त्यांचं मत होतं. ज्यांच्या एका शब्दावर देश चालत होता त्यांचं मत असं असताना, मुंबईतला एक बिनपगारी प्राध्यापक उलट बाजूने महिन्यामागून महिने लिहीत होता. कर्व्यांचा मुद्दा साधा होता. संयमाचा उपदेश बाईच्या उपयोगी पडत नाही, कारण घरात तिच्या नकाराला किंमत नसते. मग तिच्या हाती निदान एखादं साधन तरी द्या.

कर्व्यांचं सगळंच आपल्याला पटायला हवं असं माझं म्हणणं नाही. नग्नतेविषयीची त्यांची मतं आणि मासिकाच्या मुखपृष्ठावरची चित्रं तेव्हा तर लोकांना खपली नाहीतच, आजही घरात ते अंक टेबलावर ठेवायला आपण कचरू. बोलणं तिखट होतं. त्यांनी दिलेली काही वैद्यकीय माहितीही आता जुनी झाली आहे, कारण शास्त्र पुढे गेलं. पण आपल्या शरीराची माहिती असणं हा प्रत्येकाचा हक्क आहे, आणि ती माहिती द्यायला शिकलेल्या माणसाने लाजू नये, ही त्यांची शिकवण जुनी झालेली नाही.

त्यांच्या वाटेने कोण गेलं ते पाहिलं तर आणखी गंमत वाटेल. रँग्लर परांजपे हे कर्व्यांच्या नात्यातले. त्यांची मुलगी शकुंतला परांजपे केंब्रिजला गणितच शिकल्या होत्या. त्यांनी १९३८ पासून पुण्यात कुटुंबनियोजनाचं काम केलं, पुढे राज्यसभेतही गेल्या आणि १९९१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. म्हणजे पुन्हा गणितवालीच! डॉक्टरकीची पदवी नाही म्हणून त्या थांबल्या नाहीत.

१९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. देशपातळीवर असा कार्यक्रम घेणारा आपला देश जगात पहिला. ज्या गोष्टीसाठी नोकरी गेली, दंड भरला, ती गोष्ट सरकारी धोरण झाली. पण कर्व्यांना सुखाचे दिवस फार लाभले नाहीत. १४ ऑक्टोबर १९५३ ला ते गेले. ७१ वर्षांचे होते. ‘समाजस्वास्थ्य’ अखेरपर्यंत चालू होतं, त्यांच्या मागे नोव्हेंबर १९५३ चा अंक निघाला आणि २६ वर्षांचं मासिक थांबलं. म्हातारे अण्णासाहेब तेव्हा हयात होते. वडिलांना १९५८ मध्ये भारतरत्न मिळालं. मुलाला लोक विसरले. २००१ मध्ये अमोल पालेकरांनी त्यांच्यावर ‘ध्यासपर्व’ हा सिनेमा काढला, तेव्हा कुठे आपल्यातल्या अनेकींना हे नाव कळलं.

आता आपल्या पोरींकडे वळू. कर्व्यांच्या काळात माहिती मिळत नव्हती. आज मोबाईलमध्ये माहितीचा पूर आहे, पण त्यातलं खरं कोणतं आणि खोटं कोणतं हे ओळखायला कुणी शिकवत नाही. डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलांना ते अभ्यासात मिळतं. पण कॉलेजात जाणाऱ्या बहुतेक मुली आर्ट्स, कॉमर्स, सायन्स, इंजिनिअरिंगच्या आहेत. सरकारचा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून आहे, तो १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला गेलेली पोरगी त्यातूनही सुटली. घर सोडून खोलीवर राहते, स्वतःच्या हाताने गोळ्या घेते, चार वर्षांत लग्न होतं, मूल होतं. ज्या वयात सगळ्यात जास्त माहिती हवी त्याच वयात कुणी बोलत नाही.

परिणाम डोळ्यांसमोर आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायकांना रक्तक्षय आढळला. शिकलेल्या पोरीही त्यात आहेत. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे असं समजायचं, एवढा एक आकडा बी.कॉम. झालेल्या मुलीला पाठ असायला काय हरकत आहे? ती तर आकड्यांचाच अभ्यास करते. लोहाच्या गोळीवर लगेच चहा घेतला की ती नीट लागू पडत नाही, लिंबू-आवळ्याबरोबर चांगली लागू पडते. साध्या सर्दीला अँटिबायोटिक उपयोगाचं नसतं, आणि डॉक्टरांनी ते दिलं असेल तर मनाने मध्येच सोडायचं नसतं. पाळी पुढे ढकलायची गोळी म्हणजे खडीसाखर नव्हे. ज्यांच्या घरात रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास आहे, ज्यांना अर्धशिशी आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती हातातही घेऊ नये. यातलं काहीच समजायला डॉक्टर व्हावं लागत नाही. औषध देणं डॉक्टरचं काम. पण आपल्याला काय होतंय ते नीट सांगता येणं, गोळी कशाची आहे ते विचारणं, रिपोर्टवरचा आकडा वाचणं, हे आपलंच काम आहे.

म्हणून माझं मागणं लहानसं आहे. तुमच्या गावात कॉलेजची मुलगी असेल तर तिला बचत गटाच्या बैठकीला बोलवा. आशाताईंना आणि उपकेंद्रातल्या नर्सबाईंनाही बोलवा. नाव न घालता चिठ्ठीवर प्रश्न लिहायला सांगा, आणि नर्सबाईंनी सगळ्यांसमोर उत्तरं द्यायची. आमच्या गटात आम्ही हे सुरू केलं. पहिल्या दिवशी तीनच चिठ्ठ्या आल्या, त्यातल्या दोन कोऱ्या होत्या. तिसरीवर अंगावरून पांढरं जाण्याचा प्रश्न होता. नर्सबाईंनी उत्तर दिलं, कधी काळजी नको आणि वास, खाज, दुखणं असेल तर लगेच तपासायला का यायचं, ते सांगितलं. पुढच्या बैठकीला डब्यात सतरा चिठ्ठ्या होत्या. आणि एक मुलाची होती, बहिणीच्या हाती पाठवलेली.

मुलांनाही हे कळायला हवं, नाहीतर उद्या त्यांच्या बायकांचे तेच हाल होतील. त्यामुळे पुढच्या महिन्यापासून मुलांची बैठक वेगळी घ्यायची असं ठरलंय. ती घ्यायला गावातले गणिताचे एक निवृत्त मास्तर तयार झाले आहेत.